दोन बोटं वर

जगात कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय वापरू नये असं मानणारी माणसं पुष्कळ असतील, पण देवळात शिरताना घंटा वाजवून, मान हलवून, ‘हॉर्न चालू आहे’ असं म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचे थोरले दीर. मावशी कुडाळजवळच्या आमच्या गावीच असते. हे दीर, म्हणजे आमचे काका, मात्र चाळीस वर्षं घोडपदेवच्या एका चाळीत राहतात आणि टॅक्सी पासिंगसाठी तयार करून देतात. टॅक्सीला ठरावीक मुदतीनं सरकारी केंद्रात जाऊन, आपण अजून रस्त्यावर चालायच्या लायक आहोत हे सिद्ध करावं लागतं, त्याला पासिंग म्हणतात. आधी काळ्या-पिवळ्या गाड्या होत्या, आता विजेच्या आहेत. गाड्या बदलल्या, पण काका बदलले नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी कधी नापास होऊन परत आली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत. सांगायचं काम काकूंकडे होतं.

बी. कॉम.चा निकाल हातात घेऊन मी मुंबईला आलो तेव्हा माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे पदवीचा कागद मी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणला होता. काकांनी तो पाहिला नाही. त्यांनी मला दारातच थांबवलं, डावीकडून उजवीकडे चालायला लावलं, माझ्या बॅगेचा पट्टा ओढून पाहिला आणि शेवटी माझी डावी चप्पल उलटी करून उजेडात धरली. ‘‘माणूस बरा आहे,’’ त्यांनी आतल्या काकूंना सांगितलं, ‘‘पण मागचं टायर पार गुळगुळीत झालंय. उद्याच्या उद्या बदल रे. पावसात घसरशील.’’ मी लाजेनं लाल झालो. दुसऱ्या दिवशी चपला मात्र बदलल्या. त्या आठवड्यातच काकांनी त्यांच्या ओळखीच्या विजेच्या टॅक्सीच्या एका लहानशा कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. ‘‘पोरगा कागद वाचतो,’’ एवढीच शिफारस. कंपनीत आजवर कागद फक्त फाईलला लावत असावेत, कारण तेवढ्यावर मला नोकरी मिळाली. गाड्यांची कागदपत्रं सांभाळायचं काम. म्हणजे गाडी काकांनी तयार करायची आणि तिची फाईल मी. मुंबईतलं माझं जेवण, झोपायची जागा आणि पहिला पगार, तिन्ही या माणसामुळे मिळालं, हे मी पुढचं सांगण्याआधीच लिहून ठेवतो.

गाडी तयार करणं म्हणजे धुऊन पुसून चकचकीत करणं, असा माझा समज होता. काका काचा लख्ख करत, दिवे लख्ख करत, नंबरप्लेट तर अशी घासत की अंकांना लाज वाटावी. पण मागच्या दारावर थोडी धूळ मुद्दाम राहू देत. ‘‘जास्त नटलेल्या माणसाकडे पोलीस दोनदा बघतो,’’ ते म्हणत, ‘‘गाडी कामावरून आल्यासारखी दिसली पाहिजे, लग्नाला निघाल्यासारखी नाही.’’ मग गाडीतले देव उतरवले जात. तपासणाऱ्याच्या नजरेच्या आड येईल असं काचेवर काही लोंबकळत नको, म्हणून लिंबू-मिरची, गणपती, मेरीमाता, हिरव्या कापडातला ताईत, सगळे एका बिस्किटाच्या डब्यात जात आणि प्रत्येकाला गाडीच्या नंबराची चिठ्ठी लागे. या दोन-तीन दिवसांना काका ‘देवांची रजा’ म्हणत. एकदा चिठ्ठ्या सुटल्या आणि माझगावच्या पीटर ड्रायव्हरच्या गाडीत गणपती गेला, मेरीमाता भलत्याच गाडीत. संध्याकाळी दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर तक्रार घेऊन आले. ‘‘भाडी कशी मिळाली?’’ काकांनी विचारलं. दोघांनाही विमानतळाची मिळाली होती. ‘‘मग देवांना जरा बदली मानवली म्हणायची,’’ असं म्हणून काकांनी देव बदलून दिले. पीटर जाताना म्हणाला, ‘‘अंकल, पुढच्या टायमाला पण असंच करा!’’

विजेच्या गाड्या प्रथम आल्या तेव्हा काका आठवडाभर हिरमुसले होते, असं काकू सांगतात. आयुष्यभर त्यांनी इंजिनाला कान लावून दुखणं ओळखलं होतं, आणि इथे इंजिनच बोलेना. पण आठव्या दिवशी ते आनंदानं घरी आले. ‘‘अगं, पेट्रोलच्या गाडीत एकटं इंजिन बोलायचं, बाकी सगळे गप्प. आता इंजिन गप्प आहे, तर बाकीचे बोलायला लागलेत!’’ तेव्हापासून ते काचा वर करून गल्लीत गाडी फिरवतात, शेजारी बसलेल्याला श्वास रोखायला लावतात आणि ऐकतात. वायपरचं रबर, सीटबेल्टचं बक्कल, दाराची बिजागरी, एकेकाची तक्रार ऐकून घेतात. एकदा वीस मिनिटं ऐकून त्यांनी एका ड्रायव्हरच्या डब्यातला सहा महिन्यांपूर्वी हरवलेला चमचा सीटखालून काढून दिला. या गाड्या वजनदार, म्हणून टायर लवकर झिजतात, तेव्हा टायरच्या खाचांत नाणं खुपसून पाहणं रोजचंच. बॅटरीकडून येणारी जाड नारिंगी वायर दिसली की मात्र ते दोन पावलं मागे सरकत. ‘‘हिला हात जोडायचे, लावायचे नाहीत.’’ एवढं सगळं झाल्यावर ते गाडीच्या मागे जाऊन वाकत, खिशातला पांढरा रुमाल जिथे एके काळी धुराचं नळकांडं असे तिथे धरत, रुमाल पाहत आणि समाधानानं म्हणत, ‘‘धूर नाही.’’

मी एकदा धीर करून म्हटलं, ‘‘काका, या गाडीला सायलेन्सरच नाही.’’

‘‘म्हणून विचारायचंच नाही? शेजारचा बरा आहे हे दिसत असलं तरी आपण ‘बरं आहे ना?’ म्हणतोच की नाही?’’

आणि मग शेवटी दिवे. पासिंगमध्ये दिव्यांचा झोत यंत्रानं मोजतात. तो फार वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, फार खाली गेला तर रस्ता दिसत नाही. दोन्हीत गाडी नापास. काकांकडे यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे चाळीची मागची भिंत होती आणि तिच्यावर एक हिरवी आडवी रेघ होती. दिवेलागणीच्या वेळी गाडीची पुढची चाकं गटाराच्या लोखंडी झाकणावर उभी करायची आणि झोताची वरची कड त्या रेघेवर येईपर्यंत दिव्यांचे स्क्रू पिळायचे. आमच्या गल्लीला उतार असल्यामुळे पुस्तकातलं माप तिथे चालत नसे. रेघ काकांनी कंपनीची पहिली कोरी गाडी आली तेव्हा तिच्या झोतावरून काढली होती आणि तिचं माप स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवलं होतं. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं, हात सरळ खाली सोडून मूठ वळायची. मुठीची हाडं आली तिथे रेघ. टेप का नाही, असं विचारलं तर म्हणत, ‘‘टेप हरवते. मी कुठे हरवतोय?’’

रेघेची ही सगळी हकीकत मला कळली ती रेघ पुसून टाकल्यावर. तोवर दिवेलागणीला मी ऑफिसातच असे.

झालं असं की चाळीची सत्यनारायणाची पूजा होती आणि रविवारी साफसफाई. फुकट जेवणाऱ्या माणसाला काम करायची फार हौस असते. सगळे जिन्याशी झाडू मारत असताना मी एकटाच मागे गेलो. भिंतीवर ती हिरवी रेघ, कुण्या पोरानं ओढली असावी असं मला वाटलं. मी टर्पेंटाइन आणलं, रेघ भिजवली, घाम पुसायला क्षणभर भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मग अशी घासली की भिंत माझ्या पदवीच्या कागदासारखी स्वच्छ झाली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि मटकन खालीच बसल्या. ‘‘अरे देवा! आता ह्येंका कोण सांगतलो?’’

कुणाला सांगावं लागलं नाही. काका आले, त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘छान घासलीस. बेसिनपण असंच घास जरा.’’ बस, एवढंच. मग घरातून हिरव्या रंगाचा डबा आणला, भिंतीला पाठ लावली, मूठ वळली, आणि मी त्यांच्या मुठीपाशी नवी रेघ काढली. त्या आठवड्यात आठ गाड्या पासिंगला जायच्या होत्या.

पहिली पीटरची गेली आणि नापास होऊन परत आली. शेरा एकच होता: दोन्ही दिव्यांचा झोत खाली.

काका त्या दिवशी जेवले, पण भाजीत मीठ आहे की नाही हे तपासलं नाही. तेव्हा काकू घाबरल्या. ऑफिसात आमच्या मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. ‘‘एक परत आली, समजू शकते. दुसरी आली तर बाकीच्या गाड्या मशीन असलेल्या वर्कशॉपला देऊ. मग हे काम कायमचं तिकडे जाईल. काकांना तूच सांग.’’ चाळीस वर्षांचं काम एका पुसलेल्या रेघेवर येऊन थांबलं होतं, आणि ती पुसणारा हात माझा होता. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बरोबर बोलतायत बाई,’’ आणि पुन्हा पीटरच्या गाडीपाशी गेले. टायरची हवा पाहिली, दिव्यांचे स्क्रू पाहिले, गटाराचं झाकण हलतंय का पाहिलं. सगळं ठीक होतं. ‘‘भिंत खचली असेल,’’ शेवटी ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

त्या संध्याकाळी ऑफिसची पँट वाळत होती म्हणून मी सफाईच्या दिवशीची जुनी पँट घातली होती. काकांना टॉर्च द्यायला मागे गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. सहज खाली लक्ष गेलं. पँटच्या खिशाच्या खालच्या कोपऱ्यावर हिरवा डाग होता. टर्पेंटाइननं ओली झालेली जुनी रेघ, मी घाम पुसायला टेकलो तेव्हा कापडाला लागली होती आणि धुऊन निघाली नव्हती. डाग इथे होता आणि नवी रेघ त्याच्या खाली. दोन बोटं खाली.

मी ताठ उभा राहून पाहिलं. चप्पल काढून पाहिलं. पँट वर-खाली करून पाहिली. फरक जात नव्हता. भिंत खचली नव्हती, झाकण हललं नव्हतं. पहिली रेघ काढल्यापासूनच्या वर्षांत काका वाकले होते. रोज एका खोलीत राहून आम्हाला कुणाला ते दिसलं नव्हतं. सगळ्या जगाची तपासणी करणाऱ्या माणसाची कुणी तपासणी केली नव्हती. आता हे सांगायचं कसं? न सांगावं, तर दुसरी गाडी परत येणार. सांगावं, तर ज्यांच्या घरचं खातो त्यांना सांगायचं की तुम्ही म्हातारे झालात. मी बराच वेळ टॉर्च चालू-बंद करत राहिलो.

‘‘बॅटरी संपव ती,’’ काका म्हणाले.

‘‘काका, जरा माझी पँट बघता?’’

ते उकिडवे बसले. डागाला बोट लावलं, रेघेला बोट लावलं, मधली जागा बोटांनी मोजली. मग उठले, भिंतीला पाठ लावली, टाचा चिकटवल्या, खांदे मागे ओढले. खांदे भिंतीला टेकले नाहीत. त्यांनी दीर्घ श्वास घेऊन पुन्हा ओढून पाहिलं. मला तिकडे बघवेना.

‘‘भिंतच वर सरकली असेल, काका,’’ मी म्हणालो.

‘‘चाळ काय लिफ्ट आहे रे?’’ ते म्हणाले. मग भिंतीपासून बाजूला होत, ‘‘पहिल्या दिवशी तुझी चप्पल उलटी केली, तेव्हा लाजला होतास ना?’’

‘‘हो.’’

‘‘पण बदललीस?’’

‘‘बदलली.’’

‘‘मग झालं तर. दोष सांगायचा असतो. लपवला की गाडी रस्त्यात थांबते. तू सांगितलंस, बरं केलंस.’’ त्यांनी रंगाचा डबा माझ्या हातात न देता स्वतः उचलला. ‘‘चल, भिंतीला लाग. ताठ. अजून ताठ. सगळ्या गाड्या तुझ्या खिशाकडे बघतायत.’’ आणि माझ्या खिशाच्या कोपऱ्याला धरून त्यांनी रेघ ओढली. हात अजिबात हलला नाही.

सातही गाड्या पास झाल्या आणि पीटरचीही दुसऱ्या फेरीत झाली. पीटरनं आनंदानं डब्यातले सगळेच देव आपल्या गाडीत लावले. ते पुन्हा वाटून द्यायला काकांना अर्धा दिवस लागला. काम घोडपदेवलाच राहिलं.

आता मी ठाण्याला भाड्याच्या घरात राहतो. पण पासिंगचा आठवडा आला की काकांचा फोन येतो, ‘‘पँट घेऊन ये.’’ ती पँट आता मला पोटावर कशीबशी बसते. रेघ पुसट झाली असली तर मी उभा राहतो आणि काका रंगवतात. त्याआधी दर वेळी ते स्वतः भिंतीला लागतात, मूठ वळतात आणि मला पेन्सिलीनं एक बारीक खूण करायला लावतात. हिरव्या रेघेच्या खाली आता अशा चार खुणा आहेत, एकीखाली एक. मला ती पेन्सिल हातात धरवत नाही. काका मात्र टॉर्च मारून त्या खुणा नीट न्याहाळतात. ‘‘आयुष्यभर अप्पर मारला,’’ परवा ते म्हणाले, ‘‘आता डिप्परवर आलोय. चांगलंय. समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही.’’

मग त्यांनी मला भिंतीपासून वेगळं केलं, पाठीवरून हात फिरवला, माझ्या चपला पाहिल्या आणि आत काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, ‘‘पोरगा बरा आहे. पुढच्या पासिंगपर्यंत चालेल.’’

मी त्यांच्याकडे पाहिलं. शेजारचा बरा आहे हे दिसत असलं तरी विचारायचं असतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी विचारलं, ‘‘आणि तुमचं, काका? बरं आहे ना?’’