शेवटची बांधी

लाखनीजवळ हायवेला लागून इन्व्हर्टरचे सर्किट बोर्ड बनवणारा कारखाना आहे. तिथल्या सोल्डरिंगच्या लाइनवर सानगडीच्या चंद्रकलाबाई सगळ्यांत जुन्या. तोंडानं फटकळ, पण नव्या पोरीचा हात भाजला की आधी धावणार त्याच.

उन्हाळ्याच्या तोंडी कंपनीनं पुनर्रचना काढली. माणसं घरी बसवायची तर सरळ तसं म्हणावं, पण मोठ्या कंपन्यांना ते शोभत नाही. व्यवस्थापक भुपेंद्र साहेबांनी बायकांना बोलावून सांगितलं, "काम निम्म्यावर आलंय. जुन्या राहतील, नव्यांना थांबवावं लागेल."

चंद्रकलाबाईंची खुर्ची पक्की होती. शेजारच्या मेघाला लागून वर्षही झालं नव्हतं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

चंद्रकलाबाई उठल्या. "साहेब, आमच्या गावच्या तलावात पाणी कमी असलं, तरी आमी धानाच्या वावरातल्या शेवटच्या बांध्या वाळू नाही देत. पाळी लावतो. सगळ्यायले थोडं थोडं भेटते. तशी कामाले पाळी लावा ना. एक हप्ता ह्या येतीन, एक हप्ता त्या."

साहेब माणूस वाईट नव्हता. वरती फोन करून आले. "सहा महिने करून पाहू. पण जुन्यांनी अर्धा पगार स्वतःहून कबूल करायला हवा."

अर्धा पगार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. चंद्रकलाबाईंनी हात वर केला. बराच वेळ तो एकटाच होता. त्या हाताचं कौतुक करावं तेवढं थोडं. मग निर्मलाबाईंचा वर गेला, मग रुपाचा, मग एकेक करत बाकीच्यांचे. दोघींनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. त्यांना कोणी टोचून बोलू लागलं, तेव्हा चंद्रकलाबाईंनीच दटावलं. "ज्याच्या घरचं त्याले मालूम." त्या दोघींचं काम पूर्ण राहिलं, म्हणून बाकीच्यांच्या पाळ्या थोड्या लांबल्या, पण घरी कोणीच गेली नाही.

संध्याकाळी नवरा, योगेंद्र, उखडला. "तुयी खुर्ची पक्की होती ना? मंग कायले अर्धा पगार सोडून आली?"

चंद्रकलाबाई तांदूळ धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या साली पाऊस लवकर गेला. तलावापासून आपली बांधी सगळ्यात शेवटची. वरच्यायनं त्यायचं पाणी कमी करून आपल्याले देल्लं नसतं, त हे तांदूळ कुठून आले असते?"

योगेंद्रनं उठून गॅस पेटवला आणि भाताचं पातेलं तिच्या हातून घेऊन वर ठेवलं.