अर्धं जातं मोटारीच्या टपावर

शेवगावकडचं कोरडवाहू रान सोडून वडील कॅनॉलच्या पाण्यामागे पश्चिमेला, पुणतांब्याजवळ आले. लढाईची वर्षं होती. खंडाने घेतलेल्या माळावर आम्ही पाचटाच्या छपरात राहायचो. आईने मात्र जातं रोवलं नव्हतं. जात्याची खालची तळी, म्हणजे खालचा दगड, जमिनीत रोवली की बाई त्या जागेची झाली, असं आमच्यात मानत. आई दळायला शेजारच्या वस्तीवर जायची आणि आमचं जातं कोपऱ्यात पडून. वडील विषयच काढत नसत. मला दोघांचाही राग यायचा.

मग शेवगावची सर्व्हिस मोटार सुरू झाली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या मागे कोळशाचा गॅस करणारी भट्टी. बैल नाही, तेल नाही, मग नुसत्या धुरावर हे धूड चालतं कसं? क्लीनर भट्टीचा पंखा हाताने फिरवायचा, तेव्हा मी इतकी पुढे घुसायचे की भुवया तेवढ्या जळायच्या राहिल्या.

एक दिवस आईने सांगून टाकलं, शेवगावकडं माहेरी जाते, पोरीला आणि जातं घेऊन. कायमची, हे न सांगता कळलं. ड्रायव्हरने टपावर एकच तळी घेतली. चढाला गाडी दम टाकते म्हणाला. आईने वरची निवडली. वडिलांनीच ती चढवून दिली.

चढावर सगळ्यांनी उतरून मोटार ढकलली. मी भट्टीजवळची जागा पकडली, आत बघायला मिळावं म्हणून. तरी दिवे लागायच्या आत आम्ही माहेरी. मामाने विचारलं, कधी निघालात?

"आज सकाळी," आई म्हणाली. मग स्वतःशीच, "सकाळीच निघाले की मी."

पुणतांब्याला येताना बैलगाडीने किती मुक्काम पडले होते! इतक्या लवकर येता येत असेल तर तिकडं राहायला काय झालं, असं ती मामीला सांगताना मी ऐकलं.

बाजाराच्या दिवशी तळीसकट परतलो. वडील थांब्यावर बैलगाडी घेऊन उभे. हा बाबा रोज येऊन बघून जातोय, ड्रायव्हर म्हणाला.

छपरात चुलीशेजारी खालची तळी रोवलेली होती. भोवती सारवलेलंही होतं, पुरुषाच्या हाताचं, ओबडधोबड.

"निम्मं माझ्यापाशी हुतं," वडील म्हणाले, "तेवढं केलं."

आईने वरची तळी बसवली आणि तिथेच बसून रडली. मग डोळे पुसून मला बाजरी आणायला सांगितली.