हात लावण्याआधीचं अक्षर

काशिनाथ पानवलकरांना आजार झाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा राग होता तो हा आजार न विचारता, न सांगता आत शिरला याचा. चौतीस वर्षं या माणसाने भोपाळच्या कारखान्यात मीटर तपासले. दाबाचे, तापमानाचे, विजेचे. काटा केसभर सरकला तरी यांना कळायचं. आणि स्वतःचा उजवा हात बिघडतोय हे सांगायला डॉक्टर लागावा?

"पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतल्या काही पेशी मरतात, हालचालींसाठी लागणारं रसायन कमी पडतं."

"कधीपासून?"

"नेमकं नाही सांगता येत. थरथर दिसते त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरुवात झालेली असते."

झालं! हे ऐकून गप्प बसेल तो पानवलकर कसला. गोळ्या सुरू झाल्या, हात थोडा शांत झाला, पण डोक्यातला किडा काही शांत होईना. कितीतरी म्हणजे किती? जवाहर चौकाजवळच्या घरात ते बायकोच्या, सुहासिनीबाईंच्या खनपटीलाच बसले. "आठव, माझं काय काय बदललं ते आठव."

"अहो, दूध करपून घरभर धूर झाला तरी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात," बाई म्हणाल्या. "मी किती बोलले होते तुम्हाला! नाक गहाण ठेवलंय का, म्हणाले होते."

वास जाणं ही जुनी खूण असू शकते, हे त्यांनी वाचलं होतं. पण दूध कुठल्या साली करपलं हे बाईंना आठवेना, आणि तारखेशिवायचं रीडिंग काशिनाथराव मानत नसत.

तारीख सापडली ती लोणच्याच्या बरणीवर. दर मे महिन्यात करोंदच्या मंडीतून कैऱ्या यायच्या, बाई लोणचं घालायच्या आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवायचा मान काशिनाथरावांचा. अक्षर असं की कारखान्यातले साहेबसुद्धा पाट्या यांच्याकडून लिहून घेत. सुहासिनीबाई जुनी चिठ्ठी कधी खरवडत नसत, तिच्यावरच नवी चिकटवायची. त्या दिवशी बरणी पुसताना एक कोपरा सुटला आणि खालून जुनं अक्षर डोकावलं, वरच्याहून कितीतरी मोठं.

काशिनाथरावांनी बरणी अख्खी कोमट पाण्यात बुडवली. तासाभराने एकेक चिठ्ठी सोडवून वर्तमानपत्रावर मांडली. 'कैरी, मे २०१३.' ठसठशीत. चौदा, पंधरा, तशीच. सोळाच्या चिठ्ठीत शेवटचा आकडा जरा आखडलेला. अठराला अख्खा शब्द आक्रसलेला. एकवीसची तर मुंग्यांची रांग. हात थरथरायला लागला तो एकवीसच्या दिवाळीत.

"पाच वर्षं आधी!" ते ओरडले. "सुहास, पाच वर्षं आधी काटा सरकला होता!"

गुप्तधन सापडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. सुहासिनीबाईंच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं की हो," त्या म्हणाल्या.

"तुझ्या होतं, माझ्याही होतं. काय बघायचं ते कुणालाच माहीत नव्हतं." आणि मग एकदम त्यांच्या मनात आलं, ज्यांचं अक्षर आज आखडतंय, त्यांना तरी कुणी सांगेल का?

त्याच ओढीने ते अरेरा कॉलोनीतल्या एका संशोधन केंद्रात पोचले. दवाखान्यातल्या फळ्यावर कागद लावलेला होता: पार्किन्सन्सच्या रुग्णांचं हस्ताक्षर अभ्यासायचं आहे, स्वेच्छेने यावं. तिथली संशोधक क्षितिजा मूळची उज्जैनची, मराठी बोलायची, पण अर्धी हिंदीत.

"काका, आधीच क्लियर सांगते हं. यात नवीन औषध नाहीये, तुम्हाला लगेच काही फायदा पण नाही होणार. मनात आलं तर केव्हापण सोडू शकता. आणि काकू, तुम्ही पण नाव द्या ना."

"मला काय धाड भरलीये?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर पाहिजे! आजार नसलेल्यांचं अक्षर असल्याशिवाय आम्ही तुलना कशाशी करू?"

अट एकच होती. डॉक्टरांना विचारूनच ठरवलेली. पहिल्या दिवशी सकाळची गोळी न घेता यायचं, औषधाविना हात कसा चालतो ते आधी नोंदवायचं, गोळी नंतर तिथेच घ्यायची.

आता बघा, ही अट काशिनाथरावांना कुणी समजावून सांगावी? कारखान्यात त्यांचा पहिला नियमच हा. मीटर टेबलावर आला की स्क्रूला हात लावायच्या आधी तो जे दाखवतोय ते लिहायचं, चूक तर चूक. कागदावर त्याला 'अ‍ॅज फाउंड' म्हणत, काशिनाथराव म्हणत, "जसं सापडलं तसं." बाळू नावाच्या पोराने एकदा आधी स्क्रू फिरवला आणि मग सुरेख रीडिंग लिहिलं, तर त्याला सगळ्या खात्यासमोर असा झापला की तो दोन दिवस जेवायला शेजारी बसला नाही.

आणि झापणाऱ्या या पठ्ठ्याने स्वतः काय केलं? केंद्रात जायच्या सकाळी शर्टाचं बटण लागेना. दहा मिनिटं झाली. आरशात तो लटपटता हात दिसला. त्या पोरीसमोर हे असं लिहायचं? साहेबांच्या पाट्या लिहिणाऱ्याने? बाई देवघरात होत्या. यांनी गुपचूप गोळी घेतली.

केंद्रात कागदावर वाक्य उतरलं, आहा, काय उतरलं!

"काका, किती सुंदर अक्षर आहे तुमचं!" क्षितिजा म्हणाली.

हात थरथरायला लागल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. काशिनाथरावांना क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच बाळूचा पडलेला चेहरा आठवला.

"बेटा, तो कागद फाडून टाक," ते म्हणाले. "मी गोळी घेऊन आलोय."

सुहासिनीबाईंनी चमकून बघितलं. क्षितिजाने कागद जवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, "फाडत नाही काका, रद्द म्हणून ठेवावा लागतो. पण आता तुम्हाला अभ्यासात घेता येईल की नाही, मोठ्या मॅडमना विचारावं लागेल."

पुढचे चार दिवस काशिनाथराव फोनभोवती घुटमळत होते. जेवणात लक्ष नाही, पेपरात नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांना झापलं," ते म्हणत, "आणि माझी वेळ आली तर मीच स्क्रू फिरवला." एरवी चिडवायची संधी न सोडणाऱ्या बाई या वेळी नुसत्या शेजारी येऊन बसल्या. पाचव्या दिवशी फोन आला: मंगळवारी या, पण गोळी न घेता!

मंगळवारी बटणं सुहासिनीबाईंनी लावली. ऑटोतून उतरायलाच पाच मिनिटं गेली. काशिनाथराव टेबलाशी बसले, पेन धरलं आणि दिलेलं वाक्य लिहिलं. पहिला शब्द बरा, दुसरा बारीक, शेवटचा नुसता एक आडवा किडा. ते लपवायला त्यांनी डावा हात पुढे केला नाही.

"झालं काका, आता गोळी घ्या," क्षितिजा म्हणाली.

"थांब जरा." त्यांनी खाली आणखी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लागला.

क्षितिजाने कागद जवळ घेतला, लांब धरला, उजेडात नेला. "सॉरी काका, हे काही वाचता नाही येत."

सुहासिनीबाई स्वतःचा कागद अर्धा टाकून उठल्या. चाळीस वर्षं हेच अक्षर बरण्यांवर वाचलेलं. चष्मा वर करून त्या कागदावर वाकल्या आणि एकेक शब्द सावकाश वाचू लागल्या.

"जसं... सापडलं... तसं."