आबांचा रांजण

आबा कुठलंही भांडं हाती घेतलं की आधी त्याच्या पोटावरून हात फिरवायचे. "पोट सांगता भांड्याचा काम," म्हणायचे. कुडाळकडचे कुंभार. आखातात, अझैब्याला, एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खासगी संग्रहासाठी क्रीट बेटावरच्या प्राचीन भांड्यांच्या प्रतिकृती घडवायला आले होते. फोटोंवरून मापं काढून देणं माझं काम.

बुजवलेली मान आणि बाजूला बारीक तोटी असलेली बुधली बघून ते लगेच म्हणाले, "तेलाची. बोटीत सांडू नये म्हणान असा तोंड." एका निमुळत्या पात्राच्या बुडाला भोक होतं. मला ते फुटकं वाटलं. आबा हसले. "अरे, ही तर गळती! पिंडीवर टांगतत ती." देवाला मद्य वाहण्याचंच पात्र निघालं ते.

सगळ्यात अवघड होता धान्य-तेल साठवायचा रांजण. पुरुषभर उंच. आबांनी चार महिने खपून तो उभा केला. झिरपतो का बघायला गळ्यापर्यंत पाण्याने भरला आणि आम्ही दाराशी चहाला बसलो. अर्बाबची पाच वर्षांची नात शेडमध्ये बागडत होती.

धप्पकन आवाज आला. रांजणाशेजारच्या, चढून काम करायच्या पायऱ्यांच्या लाकडी घोड्यावर तिची एक चप्पल होती. ती नव्हती.

"शिडी, शिडी!" मी नुसता ओरडत राहिलो. पाय हलेनात. आबांनी घण उचलला आणि रांजणाच्या पोटावर, अगदी खाली, एकच घाव घातला. पाण्याच्या लोंढ्याबरोबर खापऱ्या आल्या, पोर आली. निपचित. मग खोकली, मग रडली.

धावत आलेल्या अर्बाबने आबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "उस्ताद, अल्लाने तुमको भेजा!" आबा चिखलात बसून होते, पांढरेफटक.

"वाचवलंत, आबा," मी म्हणालो.

"पाणी कोणी भरल्यान? घोडो थयसर कोणी ठेवल्यान?"



अर्बाबने पुष्कळ विनवलं, तरी पंधरवड्यात आबा गावी परतले. मी मात्र अजून पाण्यात काही पडलं की जागच्या जागी गारठतो.

गेल्या महिन्यात त्यांना फोन केला. "सध्या काय घडवताय?"

"पणत्ये," आबा म्हणाले. "तेच्यात मुंगीय बुडाची नाय."