भट्टीचा नारळ

सुदुंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात खंडेनवमीला लॅबच्या मुख्यानं नारळ फोडायचा, मगच वितळलेल्या धातूचा पहिला रस साच्यात ओतायचा, असा रिवाज आहे. नारळ शेडच्या दाराशी फोडतात. वितळलेल्या ॲल्युमिनियमजवळ पाण्याचा थेंबही चालत नाही. जुने मुख्य निवृत्त झाले तेव्हा यंदाचा नारळ आपलाच, असं मी धरूनच चालले होते. मिश्रधातू तपासत त्या धगीपुढं केस पिकवलेत मी. आणि मालकांनी आणला कोण, तर परदेशात शिकून आलेला, माझ्याहून बराच लहान मेटलर्जिस्ट!

जळत होते मी, सरळ सांगते. त्याचं "ताई, चहा घेणार?" ऐकलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, मेला वाईटही नव्हता. कामात हुशार, बोलायला गोड.

खंडेनवमीला रस तयार झाल्यावर त्यानं स्ट्रॉन्शियम टाकलं. त्याशिवाय माल ठिसूळ निघतो. पण रस ताटकळला की ते जळून जातं. आणि ज्यांच्यासाठी नारळ थांबलेला, ते मालक अडकले कुसगावपाशी! सुट्टीमुळं सगळी मुंबई लोणावळ्यात उतरलेली. आमचा हा पठ्ठ्या नव्या कुर्त्यात, नारळ हातात घेऊन फोटो काढून घेतोय. रसाकडं लक्षच नाही.

माझं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. ओतू दे, तडकू दे माल, मग बघू परदेशची पदवी! मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण तो माल कुणाच्या तरी गाडीच्या चाकात बसणार होता. चरफडत उठले, त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पुन्हा टाका. गेलंय ते." त्याचा चेहरा पांढराफटक. धावत गेला, नमुना काढून तपासला, पुन्हा टाकलं. तेवढ्यात मालक आले. स्ट्रॉन्शियम पुन्हा टाकलं एवढंच ऐकून त्याची पाठ थोपटत म्हणाले, "वेळेवर ओळखलंत हं!"

घे बाबा, हेही तूच घे, म्हटलं मनात.

तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी नाही साहेब, मी विसरलोच होतो. ताईंनी वाचवलं. नारळ त्यांनीच फोडायचा." आणि नारळ माझ्या हातात दिला.

एका दणक्यात फोडला मी. टाळ्या वाजल्या. प्रसाद वाटताना भट्टीवरचे एक जुने कामगार त्याच्याकडं बघत म्हणाले, "लय मोट्या मनाचा मानूस हाय, न्हाई का, मॅडम?"

"व्हय," म्हटलं. खोबरं काही घशाखाली उतरेना.