मालकाला न ओळखणारी गाडी

"सांग तिले मी कोण हाय! सांग नं!"

रऊफभाई आमच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मूठ आपटत होते. आवाज असा, की बडनेरा स्टेशनात उभी असलेली मालगाडी गार्डाची शिट्टी समजून सुटली असेल.

"मी गाडीत, किल्ली गाडीत. बटन दाबलं. त पडद्यावर काय लिहून येते? किल्ली सापडत नाही! अबे, माही गाडी, माही किल्ली, अन् मलेच परकं करून राहिली!"

"रऊफभाई, पाणी घ्या."

"पाणी माह्या पानाले पाजा! सुकून राहिले ते!"

मी तेव्हा अमरावतीच्या त्या सेंटरमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. दवाखान्यात एक माणूस असतो, जो नातेवाइकांचं ऐकून घेतो, मान हलवतो आणि आत डॉक्टरकडे पाठवतो. तो मी. फरक इतकाच, की आमचा पेशंट मुका असतो आणि नातेवाईक त्याच्या वाटणीचंही ओरडतो.

रऊफभाई अंजनगाव सुर्जीचे. विड्याच्या पानांचा ठोक व्यापार. मळ्यातून खुडलेली पानं रोज सकाळी स्वतः अकोल्याच्या बाजारात न्यायचे. पान म्हणजे ओली बाळंतीण. ऊन लागलं, वारा लागला, उशीर झाला, की काळं पडतं. शिमगा तोंडावर होता. अशा दिवसांत गाडी अकोटच्या पुढे रस्त्यात बसली की आतला माल गेलाच म्हणायचा. तशी ती पुन्हा बसली होती. टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून, त्यांनी ती आमच्याकडे ओढत आणली होती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सगळ्या वऱ्हाडात तेव्हा हे एकच.

आणि गंमत अशी, की आमच्या दारात आली की ती गाडी पहिल्या बटनाला सुरू व्हायची. आमचा मेकॅनिक नुसता आत बसला तरी घुर्र. रऊफभाईंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा व्हायचा. घरी कान दुखतो म्हणून रडणारं पोरगं डॉक्टरसमोर हसायला लागलं, की आईचा होतो तसा.

गाडी साधी नव्हती. त्यांच्या लेकीनं, शबानानं, हौसेनं घेऊन दिलेली. शबाना अकोल्याच्या कोर्टात वकील. गाडीत एअरबॅग, मागचं दाखवणारा कॅमेरा, पाऊस पडला की आपोआप फिरणारे वायपर, आणि किल्ली न लावता बटनानं सुरू होणारं इंजिन. त्या वर्षांमध्ये आमच्या भागात पीक हातचं जात होतं आणि शोरूममध्ये आम्ही माश्या मारत बसलो होतो. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्या बहुतेक दुष्काळाच्या सरकारी पाहणी पथकांच्या, पांढऱ्या. त्या काळात अशी गाडी घेणारं गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासाठी चार मोटारींचं लग्नाचं वऱ्हाडच.

पण रऊफभाईंकडे आधीची एक गाडी होती, आणि खरं भांडण तिच्यावरून होतं.

ती इंग्रजी बनावटीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. त्यांच्या वडिलांनी एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटकडून घेतलेली. छत कापडाचं. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, काचा नावापुरत्या. बापलेकीत करार झाला होता. नव्या गाडीत दोष निघाला तर ती परत करायची आणि जुनी ठेवायची. दोष नसला तर जुनी नागपूरच्या एका शौकिनाला विकायची. अब्बांनी या वयात त्या डब्ब्यातून फिरायचं नाही. रऊफभाईंनी जबान दिली होती.

म्हणजे मी "दोष आहे" म्हटलं, की जुनी वाचणार. "नाही" म्हटलं, की गेली.

आमचे वर्क्स मॅनेजर पाटणकर साहेब पुण्याहून बदलून आलेले. त्यांना वऱ्हाडी बोलणं म्हणजे भांडणच वाटायचं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वानखडे, स्कॅनर काय म्हणतो?"

स्कॅनर म्हणजे गाडीची नाडी पाहणारं यंत्र. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलं की त्याला आठवतील त्या सगळ्या तक्रारी तो सांगतो.

"काहीच म्हणत नाही, सर."

"मग नो फॉल्ट फाउंड लिहा आणि गाडी द्या."

"सर, किल्लीचा सेल बदलला. दुसरी किल्ली देऊन पाहिली. गाडीतला अँटेना बदलला. तरी त्यांच्या हातात बंद पडते."

"त्यांच्या हातातच दोष असेल."

हे साहेब चिडून बोलले. पण माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी अंजनगावला गेलो. म्हटलं, पेशंट दवाखान्यात बरा असतो ना, मग त्याच्या घरी जाऊन पाहू तो काय खातो.

रऊफभाईंच्या अंगणात पानं भरणं चालू होतं. बांबूच्या करंड्या, आत केळीची पानं, वरून ओलं पोतं. शेडमध्ये ती जुनी गाडी. मी तिच्याभोवती फिरलो. इतकी बुटकी, की रस्त्यात कोंबडी आडवी आली तर ड्रायव्हरनंच मान वर करून तिच्याकडे पाहावं. बॉनेट उघडलं. आत इंजिन दिसलं आणि इंजिनाच्या खाली थेट अंजनगावची जमीन दिसली. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्या झाकणाखाली इंजिन आहे, हे कंपनी सांगते म्हणून आपण मानतो.

"बसता काय?" रऊफभाईंनी विचारलं.

बसलो. म्हणजे पडलोच. त्यांनी मला मळ्यापर्यंत नेऊन आणलं. खडा चाकाखाली आला की तो लिंबाएवढा आहे की सुपारीएवढा, हे माझ्या पाठीच्या मणक्याला कळत होतं. वेग फारसा नव्हता. पण मला वाटलं, आपण सातपुडा ओलांडून मध्यप्रदेशात पोचलो. उतरलो तेव्हा माझे केस उभे होते आणि मी बावळटासारखा हसत होतो.

मग आम्ही नव्या गाडीनं अकोल्याला निघालो. किल्ली हातात, बटन दाबलं, गाडी सुरू. काहीच तक्रार नाही.

मला मागं बसवलं. पानांच्या करंड्या डिकीत, उरलेली एक पुढच्या सीटवर. सीटवर वजन पडलं, की गाडीला वाटतं माणूस बसला. तिनं बेल्ट लावा म्हणून पीं पीं सुरू केलं. रऊफभाईंनी करंडीला बेल्ट लावला. अकोटजवळ जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही तिला खेटून पुढे सरकताना गाडी पुन्हा पीं पीं. हवेत कापसाचे पुंजके उडत होते. त्यातले काही काचेवर चिकटले आणि कोरड्या उन्हात वायपर फिरायला लागले. गाडीला वाटलं, पाऊस आला. अख्ख्या वऱ्हाडात पावसाची एवढी खात्री तेव्हा फक्त त्या गाडीला होती.

"हे पाहा," रऊफभाई म्हणाले. "दिवसभर बोंबलते. मी आता आयकतच नाही."

मध्येच एकदा वेगळीच टुंग टुंग झाली. पडद्यावर काहीतरी आलं. मी मागून मान लांब करेपर्यंत ते गेलं. रऊफभाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

चोहोट्टा बाजार या गावात चहाला थांबलो. चहा झाला. रऊफभाई गाडीत बसले, बटन दाबलं. ढिम्म. पडद्यावर तेच. किल्ली सापडत नाही.

"झालं हिचं सुरू! पाहा! तुमच्या डोयानं पाहा!"

"किल्ली कुठं आहे?"

"हाय नं गाडीत!"

"गाडीत कुठं?"

"अहो, असते तिथंच हाय. थांबा, पयले एक पान खाऊ द्या. डोकं फिरवून टाकलं हिनं."

त्यांनी सीटशेजारून पानदान उचललं. पितळी, जाड, आईच्या काळातलं. झाकण इतकं घट्ट की उघडताना 'टप्' असा आवाज झाला. आत चुन्याची डबी, कात, सुपारी, ओल्या फडक्यात पानं. आणि मधल्या खणात, लवंगांवर, अगदी नव्या नवरीसारखी बसलेली किल्ली.

मी म्हटलं, "रऊफभाई, बटन दाबा."

"आता?"

"आता. झाकण उघडंच ठेवा."

त्यांनी दाबलं. घुर्र.

"बंद करा. झाकण लावा. आता दाबा."

ढिम्म.

रऊफभाईंनी पानदानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पानदानाकडे.

आता हे सोप्या भाषेत सांगतो. ही किल्ली भोकात घालायची नसते. ती गाडीशी हळू आवाजात बोलत असते. 'मी आहे, मी आहे.' गाडीनं ते ऐकलं तरच इंजिन चालू. आणि धातूचा घट्ट बंद डबा म्हणजे त्या बोलण्याच्या तोंडावर ठेवलेला हात. इंजिन एकदा सुरू झालं, की मध्ये किल्ली गप्प झाली तरी गाडी धावत राहते, फक्त टुंग टुंग करून विचारते. ती टुंग टुंग रऊफभाई ऐकत नव्हते. सकाळी किल्ली हातात, म्हणून सुरू. वाटेत पानदानात, म्हणून बंद. पान लावताना झाकण उघडं राहिलं, तर पुन्हा सुरू. आणि आमच्याकडे आले की ते किल्ली काढून माझ्या हातात द्यायचे. आमचा कॉम्प्युटर बिचारा काय सांगणार?

"पण पानदानात कशाला ठेवता?"

"तुमच्याच शोरूमवाल्यानं सांगतलं, किल्ली लय महाग हाय, जिवापाड जपा. आमच्या घरी जपून ठेवाची वस्तू पानदानातच राह्यते. अम्मी नथ बी यातच ठेवे."

मी डोळ्यानं पाहिलं ते पाटणकर साहेबांना कळवणारच होतो. मागं पानं ओल्या पोत्याखाली गार होती. रऊफभाईंनी विडा लावला, मला दिला, स्वतःला लावला.

"म्हंजे गाडीत दोष नाही."

"नाही."

"म्हंजे ते जुनी गेली."

मी विडा जरा जास्तच वेळ चघळला. खोटं सांगाल का, असं त्यांनी विचारलं असतं, तर माझं इमान त्या चोहोट्ट्याच्या फाट्यावर डगमगलं असतं, हे कबूल करायला हरकत नाही. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फोन काढला आणि लेकीला लावला.

"शबाना, नवी गाडी एकदम बरोबर हाय. तुह्या बापालेच चालवता येत नाही. बोलाव त्या नागपूरवाल्याले."

जबान दिली म्हणजे दिली. त्या माणसाचं हे मला आवडायचं आणि त्या दिवशी नेमकं तेच आवडलं नाही.

नागपूरच्या शौकिनानं अट घातली, की सौदा आमच्या वर्कशॉपमध्ये, गाडी तपासून. रऊफभाई आले नाहीत. "कोनाच्याबी मयतीले येतो, हिच्या बिदाईले येत नाही," असा निरोप त्यांनी दिला. गाडी घेऊन शबाना आली. लहानपणापासून करंड्यांच्या मध्ये बसून ती त्या गाडीतून फिरली होती, पण स्टिअरिंगला हात लावायची तिला कधी परवानगी नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं अंजनगाव ते अमरावती चालवली.

ती गेटमधून आत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. दुपट्टा गळ्यात, केस कडब्याच्या पेंडीसारखे, चेहऱ्यावर दर्यापूरपासूनची सगळी धूळ. आणि त्या धुळीत पांढरे दात.

"कशी आली गाडी, वकीलबाई?"

"साहेब, खड्डा येते त मले आधी कळते," ती म्हणाली. "नव्या गाडीत खड्डा होऊन गेल्यावर कळते."

शौकीन गाडीभोवती फिरले. चष्मा काढला, घातला. पाटणकर साहेबांनीही कधी नव्हे ते हात मागे बांधून गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"छान आहे," शौकीन म्हणाले. "माझ्या हॉलमध्ये काचेच्या मागे ठेवणार. खाली दिवे लावणार."

"चालवाल केव्हा?" शबानानं विचारलं.

"चालवणार? छे! ट्रकवर चढवून नेऊ. हिला आता धूळ लागू द्यायची नाही."

शबानानं अंगावरची धूळ पाहिली. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"माफ करा," ती म्हणाली. "मले अकोल्याले तारीख हाय. उशीर होऊन राहिला."

आणि बसली, चोक ओढला, गेली. मूर्तिजापूर रस्त्याला लागेपर्यंत गाडीचा आवाज येत होता. नागपूरचे शौकीन चष्मा हातात धरून तसेच उभे. पाटणकर साहेबांनी त्यांना चहा सांगितला.

या धंद्यात मला लोक अजून विचारतात, की रोजच्या वापराला जुनी साधी गाडी बरी की नवी यंत्रं भरलेली. मी सांगतो, नवीच घ्या. हात दुखत नाहीत, उन्हात करपत नाही, धडकलात तर वाचाल. फक्त किल्ली कुठं ठेवता ते आधी मला सांगा. बाकी कोणती गाडी बरी आणि कोणती आवडते, हे दोन वेगळे विभाग आहेत. आमच्याकडे फक्त पहिल्याची सर्व्हिसिंग होते.

मे महिन्यात रऊफभाई नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगला आले. अमरावतीचं डांबर पायाला चिकटत होतं. किल्ली गळ्यात दोरीला बांधलेली.

"जुनी कशी आहे?" मी विचारलं.

"अकोल्यात हाय. शबाना रोज कोर्टात नेते. काल मी म्हटलं, आन इकडे, एक चक्कर मारतो. त म्हणे, अब्बा, तुमची जबान काय होती?"

"मग?"

"मंग काय. जबान त दिली होती."

"आणि ही नवी? आता कशी वाटते?"

रऊफभाईंनी एसीची जाळी आपल्या तोंडाकडे वळवली.

"थंड वाटते," ते म्हणाले.