ज्वालामुखी न पाहिलेली माणसं

वडील चळवळीतले. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मी वाचायला शिकलो तेच त्या पत्रकांवर. तरी तेविसाव्या वर्षी मी दुबईत एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टमध्ये टायपिंग करत होतो.

त्या वर्षी ट्रस्टने दूरच्या एका बेटावरच्या संशोधनाला पैसे दिले. ज्वालामुखीच्या धुराने तिथल्या लोकांच्या छातीचं काय होतं, हे तपासायचं होतं. तुलनेसाठी असा धूर कधीच न घेतलेली माणसं हवी होती. त्यांच्यासाठी वेगळा खर्च करायला मॅनेजर तयार नव्हते.

"शारजात माणसांना काय तोटा? तुझ्या गाववाल्यांना धर."

यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही.

मामा शारजाच्या औद्योगिक भागात सँडब्लास्टिंग करायचा. लोखंडाचा गंज काढायला दिवसभर वाळूचा मारा, तोंडाला फडकं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी श्वासाचा जोर काट्यावर दाखवणारी फुंकायची नळी आणि फॉर्म घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. खोलीतले आठ जण रांगेने फुंकत होते. मामाची पाळी आली तसा एक जण ओरडला,

"फुंक रे, वहिनीवर फोनवर ओरडतोस तसा!"

मामाने फुंकलं. काटा इतरांच्या निम्म्यावरच थांबला. सगळे हसले. तिसऱ्या वेळीही काटा तिथेच थांबला, तेव्हा कोणी हसलं नाही.

"हा कागद कुठे जाणार?" मामाने विचारलं.

"त्या बेटावरच्या अभ्यासाच्या डॉक्टरांकडे."

"नाव काढ."

व्हिसाचं मेडिकल दोन महिन्यांवर आलं होतं. छातीच्या फोटोत काही दिसलं तर त्याला घरी पाठवणार, आणि पोरीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती.

"मामा, हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे."

"तुझ्या बापासारखं बोलू नकोस. पत्रक तुझं निघेल, तिकीट माझं."

मी नाव खोडलं, पण आकडा पाठवला. 'ज्वालामुखीच्या धुराशी संपर्क?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. हा माणूस तुलनेत बसत नाही, काढून टाका.

"तो रोज वाळू खातो, डॉक्टर."

"मग तर काढाच. आमचा अभ्यास धुराचा आहे."

मी मॅनेजरना एक पानी पत्र लिहिलं: थोडे पैसे शारजातल्या कामगारांच्या तपासणीला द्या. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हबीबी, इथे ज्वालामुखी कुठे आहे?"

मला राग यायला हवा होता. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ट्रस्टच्या टपालाच्या उरलेल्या पाकिटांवर पत्ते टाइप केले. मामाचा फॉर्म फाडला तेव्हाही हात नेहमीसारखेच चालले.

पुढच्या शुक्रवारी मामाने दारातच विचारलं, "काढलं?"

"काढलं."

"खलास." त्याने चहा ओतला. मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाला, "ती नळी आहे ना? दे जरा. लिहू मात्र नकोस."

तो उभा राहिला, भरपूर श्वास घेतला, फुंकलं. काटा तिथेच थांबला. पेन माझ्या खिशात होतं, पत्राशेजारी. मी काही लिहिलं नाही.